किरणोत्सर्गजन्य व्याधी आणि भरपाईचा हक्क

प्रश्न : फुकुशिमासारख्या अणुअपघातानंतर काही वर्षांनी कर्करोग जडल्यास जपानी कायद्याने भरपाई मिळते काय?

उत्तर : मिळू शकते, परंतु रुग्ण तेथील कामगार होता की केवळ रहिवासी, यावर पुष्कळ अवलंबून आहे. 1961 च्या कायद्याने अणुभट्टी चालविणाऱ्या कंपनीवर, तिचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट न घालता, अमर्याद दायित्व टाकले आहे. तथापि व्याधी किरणोत्सर्गामुळेच उद्भवली हे दाखविण्याचा भार दावेदाराच्याच शिरावर राहतो, आणि कर्करोग तर आपल्या उगमाची कोणतीही खूण बाळगीत नाही. कामगारांसाठी सरकारची निराळी विमायोजना असून, रक्ताच्या कर्करोगाबाबत कामाच्या दर वर्षामागे सरासरी 5 मिलिसीव्हर्ट मात्रा आणि पहिल्या संपर्कानंतर वर्षाहून अधिक काळ लोटलेला असणे, हे तिचे मुख्य निकष. त्यांवरच 2015 साली फुकुशिमाच्या एका कामगाराचा अर्ज प्रथम मंजूर झाला. अपघातसमयी बालवयात असलेल्या सहा रहिवाशांना मात्र, थायरॉइडच्या कर्करोगासाठी, 2022 साली टोकियोच्या न्यायालयात दावा गुदरावा लागला. हा भेद मला अन्याय्य वाटतो. फुकुशिमाच्या दाव्यांची मुदत 2013 च्या विशेष कायद्याने 3 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली आहे. तेथे कोणी आप्त नोकरीस असल्यास त्यांनी आपल्या मात्रेच्या नोंदीची नक्कल विनाविलंब मागून घ्यावी.