ओतकामाने दोन धातूंचा सांधा

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा व आसपासच्या गावांतील वृद्धांना बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची रीत ठाऊक असते. तापविलेली धाव रुंदावते. चाकावर बसवून पाणी ओतताच ती आकसून लाकडास आवळते. पाठाचा आरंभ या परिचित उदाहरणाने करावा.

एका धातूभोवती दुसरा धातू ओतला असताही अशीच पकड बसते. दौलताबादची मेंढा तोफ ओतीव आहे. गोवळकोंड्याच्या मुसा बुरुजावरील औरंगजेबकालीन ‘अझदहा पैकर’ ही तोफ मात्र दोन धातूंची आहे. तिची आतील नळी घडीव लोखंडाची व बाहेरील कवच ओतीव कांशाचे आहे, असे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासातून दिसून आले. लोखंडी नळी गोळ्याच्या घर्षणास टिकते, तर कांशाचे कवच गंजास दाद देत नाही. तोफ फुटल्यास प्रथम गोलंदाजाच्याच जिवावर बेतत असे. म्हणून हा सांधा पक्का असणे अगत्याचे होते.

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांस; कथील मिसळल्याने कांसे त्याहूनही कमी तापमानास वितळते. म्हणून कांशाच्या रसात लोखंडी नळी वितळत नाही. तापमान एक अंशाने उतरले असता लोखंड आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे १२ भाग आकसते, कांसे सुमारे १८ भाग. बाहेरील कांसे अधिक आकसल्यामुळे ते नळीस आवळून धरते. हेच धातू उलट क्रमाने घेतल्यास आतील कांसे लोखंडाच्या रसाने वितळू लागेल.

ही पकड म्हणजे धातू एकजीव होणे नव्हे, हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावा. पृष्ठभाग तेलकट किंवा गंजलेला असल्यास सांधा कच्चा राहतो.

कृती : शिक्षकाने स्वतः गरम पाण्यात भांडे ठेवून मेण वितळवावे व दोन वाट्यांत ओतावे. एकीत तेल लावलेला गुळगुळीत खिळा, दुसरीत खाचा पाडलेला कोरडा खिळा उभा धरावा. मेण थिजल्यावर कोणता खिळा सहज निघतो, हे विद्यार्थ्यांनी पाहावे.

इशारा : वितळलेला धातू वर्गात कदापि आणू नये. शिसे विषारी आहे. शिवाय साच्यात ओल असल्यास तिची एकाएकी वाफ होऊन तप्त रस अंगावर उसळतो.

प्रश्न : चाकाच्या बाबतीत केवळ धाव तापते, तोफेत मात्र दोन्ही धातू तापतात, तरी दोहोंत पकड का बसते?