असाध्य कर्करोग आणि रुग्णसेवकाचे पाच गुण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. निवासस्थानांची पाहणी करीत तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून रुग्णसेवेचे नियम घालून दिले. चांगल्या रुग्णसेवकाचे पाच गुण त्यातच सांगितलेले आहेत. आपल्या भागातील एका प्रश्नाचा विचार आपण या पाच गुणांच्या आधारे करणार आहोत.

प्रश्न कोणता?

भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यात बहुतेक घरे कारखान्यावर चालतात. पाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखूची चिमूट लागते, पुढे गुटख्याची सवय होते. तोंडातील पांढऱ्या चट्ट्याकडे दुर्लक्ष होते. स्त्रिया स्तनातील गाठ किंवा अंगावरून जाणे लाजेपोटी लपवून ठेवतात. रोग कळतो तेव्हा बराच पसरलेला असतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी होते आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरी घेऊन जा."

कुटुंब याचा अर्थ "आता करण्यासारखे काही उरले नाही" असा घेते. कोणी दागिने विकून आणखी एका इस्पितळाकडे धावते, कोणी एखाद्या बाबाच्या अंगाऱ्यावर पैसे घालते, तर कोणी रुग्णाला आतल्या खोलीत ठेवून दार लोटून घेते. हा अर्थच मुळात चुकीचा आहे. रोग बरा होत नाही तेव्हा उपचाराचे उद्दिष्ट बदलते, उपचार संपत नाहीत. वेदना कमी करणे, झोप लागू देणे, तोंड स्वच्छ ठेवणे, माणसात बसता येणे, ही आता उपचारांची उद्दिष्टे होत.

उपशामक शुश्रूषेची वाटचाल

यालाच पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक शुश्रूषा म्हणतात. परिचारिका, समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. त्यात मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि पैशाची विवंचनाही मिसळलेली असते, हा विचार त्यांनी मांडला. भारतात 1986 साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना हे पहिले हॉस्पिस उभे राहिले. 1993 साली केरळात कालिकत येथे पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन झाली. पुढे तेथे गावोगावचे सामान्य नागरिक प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले. आपल्याला जवळचे एक केंद्र म्हणजे देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्गालगत वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर. 1997 पासून तेथे कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते. रुग्णासोबत नातेवाईक राहतो आणि घरी काळजी कशी घ्यावी हेही शिकतो.

पहिला गुण : औषधाची माहिती

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्याहून अधिक वेदनेला कोडीनसारखी आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. आज ही पद्धत काटेकोर नियम न मानता मार्गदर्शक म्हणून वापरतात.

मॉर्फिनचे नाव काढताच लोक घाबरतात. "व्यसन लागेल", "ही शेवटचीच गोळी" असे म्हटले जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते आणि त्याने मरण लवकर येते हा समजही खरा नाही. मॉर्फिनची साधी गोळी साधारणतः दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यावयाची असते. वेदना असह्य होईपर्यंत वाट पाहणे चूक आहे. या औषधाने मलावरोध हमखास होतो, म्हणून सोबत रेचक लागते. मात्रा मनाने वाढवू नये की एकदम बंद करू नये.

मॉर्फिन अफूपासून बनते आणि अफूची परवानाधारक शेती आपल्याच देशात होते. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक अटींमुळे ते रुग्णांपर्यंत पोहोचत नसे. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. म्हणून रुग्ण तळमळत असेल तर मॉर्फिन कोठे मिळेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

दुसरा गुण : हितकर काय, अहितकर काय

रुग्ण जेवत नाही म्हणून घरातील माणसे रडतात, रागावतात, जबरदस्तीने भरवतात. रोग फार वाढल्यावर शरीर अन्न पचवून वापरू शकत नाही. न खाल्ल्याने रोग वाढला असे नसून रोगामुळे भूक गेलेली असते. दोन चमचे पेज, थोडे ताक, त्याला आवडेल ते, मागेल तेव्हा द्यावे. नाकातून नळी असेल तर अन्न पातळ व गाळलेले असावे, देताना आणि नंतर किमान अर्धा तास डोके उंच ठेवावे व शेवटी पाण्याने नळी धुवावी. धाप लागत असल्यास उशांच्या आधाराने बसवून खिडकी उघडावी आणि पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी म्हणजे पाठीला जखमा होण्याचे टळते.

तिसरा गुण : मैत्रीचे चित्त

सेवा लाभासाठी नसावी, मैत्रीने असावी, असे महावग्ग सांगतो. येथे एक व्यवहाराची गोष्ट येते. बहुतेक घरांत सेवेचा सारा भार एका बाईवर, पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. तीच रात्री जागते, तीच सकाळी डबा करते. तिला आठवड्यातून एक दुपार झोप मिळवून देणे ही रुग्णाचीच सेवा आहे.

चौथा गुण : घृणा न करणे

मल, मूत्र, थुंकी, वांती यांची किळस न करणारा तोच रुग्णसेवक. तोंडाच्या कर्करोगाच्या जखमेला दुर्गंधी येते आणि पाहुणे दारातूनच परत जातात. हे रुग्णाला कळते व त्याचे त्याला मरणाहून अधिक दुःख होते. दुर्गंधीवर उपाय आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलची पूड जखमेवर वापरतात. कोमट पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून चुळा भरल्याने तोंड हलके वाटते. जखमेतून रक्त येण्याचा संभव असल्यास गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवावेत, म्हणजे रुग्ण रक्त पाहून घाबरत नाही. कर्करोग स्पर्शाने होत नाही. हात हातात घेऊन बसावे.

पाचवा गुण : मन प्रसन्न करणे

"काही झालेले नाही, तू बरा होशील" असे खोटे सांगून मन प्रसन्न होत नाही. रुग्णाला बहुधा सर्व कळलेले असते. घरचे त्याच्यापासून लपवतात, तो घरच्यांपासून लपवतो आणि दोघेही एकटे पडतात. त्याने विचारले तर हळुवारपणे खरे सांगावे. विचारले नाही तर लादू नये. महावग्गात चांगल्या रुग्णाचेही गुण आहेत, त्यांपैकी एक म्हणजे आजार जसा आहे तसा सांगणे. वेदना लपविणे हा पराक्रम नव्हे, हे रुग्णालाही समजावून द्यावे. सकाळी ओट्यावर बसणे, रेडिओ ऐकणे, नातवाला गणित शिकविणे, कंपनीतील जुन्या मित्रांना भेटणे, यांतील त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे.

हक्काचा पैसा

आजारी कामगाराने घाईने राजीनामा देऊ नये. राज्य कामगार विमा योजनेत पात्र कामगाराला नेहमीचा आजारलाभ संपल्यानंतर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात विस्तारित आजारलाभ मिळतो. तो दोन वर्षांपर्यंत, वेतनाच्या सुमारे 80 टक्के असतो. मात्र सलग नोकरीची व वर्गणीची अट आहे. भविष्य निर्वाह निधीतून आजारासाठी रक्कम काढता येते. नोकरीत असताना मृत्यू आल्यास त्या निधीशी जोडलेल्या विम्याची रक्कम आणि पात्रतेनुसार पेन्शन कुटुंबास मिळते. फंड, ग्रॅच्युइटी व बँक यांची नामनिर्देशने रुग्ण बोलता-सही करता येतो तोवर तपासावीत. कंत्राटी कामगाराने आपली वर्गणी खरोखर भरली जाते काय, हे आजार येण्यापूर्वीच पाहावे.

संस्थेने काय करावे?

आपला पट्टा तीन पाळ्यांत चालतो. याची आपण नेहमी तक्रार करतो, परंतु त्यामुळेच दिवसाच्या कोणत्याही वेळी आपल्यापैकी कोणीतरी घरी असतो. रात्रपाळीचा सभासद संध्याकाळी, दुसऱ्या पाळीचा सकाळी, पहिल्या पाळीचा चारनंतर एक तास देऊ शकतो. विहाराच्या फळ्यावर पाळीप्रमाणे नावे लिहावीत. दहा जणांनी आठवड्यातून एक तास दिला तर एका घरातील त्या माउलीला दहा तासांची उसंत मिळेल. सेवा करणाऱ्यांनी प्रथम प्रशिक्षण घ्यावे आणि रुग्णाच्या आजाराची चर्चा बाहेर करू नये.

तो भिक्खू कोणाच्या उपयोगाचा नव्हता, तरीही तथागतांनी त्याला उचलले. आपल्या गल्लीत लोटलेल्या दारामागे जो पडला आहे, त्याच्याकडे आपण या आठवड्यात जाणार काय, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

1. "उपचाराचे उद्दिष्ट बदलते, उपचार संपत नाहीत" हे विधान उदाहरणांनी स्पष्ट करा.
2. मॉर्फिनविषयीचे दोन गैरसमज कोणते? ते आपल्या घरी कसे समजावून सांगाल?
3. रुग्णसेवकाच्या पाच गुणांपैकी आपल्यात कोणता कमी आहे, याचा विचार करून पाच ओळी लिहा.