मुलांचा गायकवृंद : गाता येणाऱ्यांसाठी की गायला शिकण्यासाठी?

शाळा सुरू झाल्या की घराघरांत मुलांचे वेळापत्रक ठरू लागते. ट्यूशन, संगणक, कराटे, चित्रकला अशी यादी होते. त्यात मुलांच्या गायकवृंदाचे नाव निघाले, तर काही पालक आमच्याकडे विचारायला येतात. बहुतेकांचे बोलणे एकाच वाक्यावर येऊन थांबते : "फादर, पाठवले असते हो, पण तिचा आवाज काही तेवढा चांगला नाही."

हे वाक्य मुलीच्या काळजीपोटीच बोलले जाते. तरीही त्यामागे एक समजूत आहे. गाणे ही थोड्या मुलांना मिळालेली देणगी आहे आणि बाकीच्यांनी ते फक्त ऐकायचे, ही ती समजूत. आपल्यातील कित्येक प्रौढांना लहानपणी एखाद्या कार्यक्रमाच्या वेळी कोणीतरी सांगितलेले असते, "तू रांगेत उभा राहा, पण फक्त ओठ हलव." सांगणारा ते विसरून जातो. ऐकणारा मात्र पन्नाशीतही मिस्सेला गीतपुस्तक मिटून उभा असतो. नातवंडाला झोपवतानाही त्याच्या तोंडून अंगाई निघत नाही. एका वाक्याने एका माणसाचे गाणे आयुष्यभरासाठी थांबते. म्हणून मुलांचा गायकवृंद कशासाठी असतो आणि त्यात कोणी यावे, याचा आज आपण थोडा विचार करू या.

सूर लागत नाही, म्हणजे काय?

ज्यांना दोन सुरांतील फरक मुळातच कळत नाही अशी माणसे फार थोडी असतात. सूर न लागणाऱ्या बहुतेक मुलांचे कान ठीक असतात. ऐकलेला सूर स्वतःच्या गळ्यातून कसा काढायचा, हे त्यांना अजून जमलेले नसते. सायकल न येणाऱ्या मुलाचे पाय अधू आहेत असे आपण म्हणत नाही. त्याला शिकवतो, पडला तर उचलतो. गळ्याच्या बाबतीत मात्र आपण एका दिवसात निकाल देऊन टाकतो.

पुष्कळदा दोष मुलाचा नसून पट्टीचा असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला सहज गाता येतील असे सूर पाच-सहाच असतात. पेटीच्या मधल्या सप्तकात पाहिले, तर साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत. सरावाने ही मर्यादा वर-खाली वाढत जाते. आपण मोठी माणसे आपल्या सोयीची पट्टी धरतो आणि मुलांना त्यात ओढतो. मग गाण्यातील खालचे सूर त्यांच्या गळ्यातून निघतच नाहीत आणि वरचे सूर ती ओरडून काढतात. आपण म्हणतो, मुले बेसूर आहेत. पट्टी बदलून पाहिली, तर त्यांतली निम्मी तक्रार तिथेच मिटते.

शिकवण्याची जुनी वाट

मुलांना गाणे शिकवण्याचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. अकराव्या शतकात इटलीत गिदो दारेत्सो नावाचे बेनेडिक्टाइन संन्यासी गायकवृंदातील मुलांना शिकवीत असत. त्या काळी प्रत्येक स्तोत्राची चाल गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करावी लागे आणि त्यात वर्षे जात. गिदो यांनी संत योहान बाप्तिस्त यांच्या एका लॅटिन स्तोत्राचा आधार घेतला. त्याच्या प्रत्येक चरणाची सुरुवात आधीच्या चरणाहून एक सूर वर होते. त्या चरणांच्या पहिल्या अक्षरांवरून त्यांनी सुरांना उत, रे, मी, फा, सोल, ला अशी नावे दिली. रेघांवर सूर लिहिण्याची पद्धतही त्यांनी पक्की केली. आता कधीही न ऐकलेले गाणे मुलांना कागदावर पाहून गाता येऊ लागले. आज जगभर शिकवले जाणारे डो-रे-मी असे गायकवृंदातील मुलांच्या अडचणीतून जन्माला आले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील जॉन कर्वेन या पाळकांनी या सुरांना हातांच्या खुणा जोडल्या. विसाव्या शतकात हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांच्या प्रेरणेने तिथल्या शाळांतून याच साधनांनी मुलांना शिकवले जाऊ लागले. या पद्धतीत सुरुवातीला दोनच सूर घेतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पंचम आणि त्याखालचा गंधार. ते पक्के झाले की तिसरा, मग चौथा. आपल्या सा-रे-ग-म मध्ये षड्ज जसा कोणत्याही पट्टीत धरता येतो, तसाच या पद्धतीतला 'डो' सुद्धा हलता असतो. त्यामुळे सा-रे-ग-म शिकलेल्या मुलाला डो-रे-मी परके वाटत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पोर्तुगीज अमदानीत तिथे चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि तिथले संगीतशिक्षक गावातील मुलांना सूर वाचायला, गायला, व्हायोलिन वाजवायला शिकवीत. पुढे यांतील कित्येक जण पोटापाण्यासाठी मुंबईला आले. त्यांना लिहिलेले संगीत वाचता येत होते, म्हणून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांना मोठी मागणी आली. १९२७ साली माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे वडील गावच्या चर्चचे गायकवृंदप्रमुख होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे ते हेच. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात हे नाव आले, ते प्यारेलाल यांनी गुरूला दिलेल्या मानामुळे. गावच्या चर्चमधील सुरांचे पहिले धडे कुठवर पोहोचतात, हे यावरून दिसते.

कार्यक्रम हवा, पण कुठवर?

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. नाताळ तीन आठवड्यांवर येतो, गाणी बसलेली नसतात आणि शिक्षकाला घाई होते. अशा वेळी कच्च्या मुलांना मागे उभे करायचे, दोन-तीन गोड गळे माइकपुढे आणायचे, हा सोपा मार्ग असतो. कार्यक्रम छान होतो आणि टाळ्याही पडतात. पण ज्या मुलांसाठी गायकवृंद सुरू केला, त्यांतली बहुतेक त्या दिवशी काहीच शिकत नाहीत. शिकतात ते एवढेच, की आपण नसलो तरी चालते.

तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. मुलांनी संगीत नुसते ऐकावे की स्वतः करावे? तो म्हणतो, स्वतः करावे. कारण जे कधी हातांनी केले नाही त्याची पारख करणे अवघड असते. लहान मुलांना खुळखुळा द्यावा तसे मोठ्या मुलांना संगीत, अशी तुलनाही तो करतो. पण पुढे तो एक मर्यादा घालतो. स्पर्धांत लोकांना थक्क करणारी करामत करण्यापर्यंत हे शिक्षण नेऊ नये. संगीत मुलाला घडवण्यासाठी आहे, प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी मुलाला राबवण्यासाठी नाही, असा त्याचा आशय आहे. दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धा पाहताना हा विचार आपणही मनात ठेवायला हरकत नाही.

याचा अर्थ कार्यक्रमच नको, असा मुळीच नव्हे. ठरलेल्या दिवशी तयार असणे, गाण्याआधीची शांतता सांभाळणे, शेजारचा चुकला तरी आपला सूर न सोडणे, हे कार्यक्रमावाचून शिकता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. गायकवृंदांना उत्तेजन द्यावे असे ती सांगते, आणि सर्व भाविकांचा गायनातील सहभाग राहावा हेही बजावते. संगीतशिक्षणावर तिथे भर आहे, तसेच त्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असेही म्हटले आहे. मुलांनी कॅरल जरूर गावीत. त्याच बरोबर ओवी, अभंग, भजन आणि आजीच्या तोंडची लग्नगीतेही त्यांच्या गळ्यात उतरावीत.

एका तासात काय व्हावे?

आठवड्यातून एकदा एक तास नेमाने मिळाला, तरी वर्षभरात पुष्कळ काही होते. पहिली दहा मिनिटे अंग सैल करणे, श्वास आणि गुणगुणणे यांसाठी. पुढची दहा मिनिटे कानासाठी : शिक्षकाने दोन-तीन सूर गावेत, मुलांनी परत द्यावेत, टाळीने मात्रा मोजाव्यात. मग अर्धा तास गाणे, तेही तुकड्यातुकड्याने. उरलेली दहा मिनिटे आधी येत असलेले एखादे गाणे निव्वळ आनंदासाठी. ज्याला सूर सापडत नाही त्याला पक्क्या गळ्याच्या दोन मुलांच्या मध्ये उभे करावे आणि सर्वांसमोर त्याची चूक काढू नये. असे मूल आधी ऐकते, मग हळू गाते आणि एक दिवस त्याचा सूर जुळून जातो.

संत आगुस्तीन यांनी 'कन्फेशन्स' या ग्रंथात काळ म्हणजे काय हे समजावताना स्तोत्र गाणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. गाणे सुरू होण्यापूर्वी ते सगळे आपल्या अपेक्षेत असते. गात जावे तसे ते अपेक्षेतून स्मरणात जाते. हाती असलेला सूर झाल्या सुरांशी आणि येणाऱ्या सुरांशी जोडून धरावा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर क्षणाक्षणाला दृश्य बदलण्याची सवय झालेल्या मुलासाठी, चार मिनिटे एक अखंड गोष्ट मनात धरून ठेवणे हे लहान शिक्षण नाही.

आवाज फुटतो तेव्हा

थोर संगीतकार जोसेफ हायडन यांचा जन्म १७३२ साली ऑस्ट्रियातील एका गावात, चाके बनवणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वयाच्या आठव्या वर्षी ते व्हिएन्नाच्या संत स्तेफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात आले. नऊ-दहा वर्षे ते तिथे गायले. आवाज फुटला, आणि १७४९ च्या सुमारास त्यांना बाहेर पडावे लागले. जवळ पैसे नव्हते, राहायला जागा नव्हती. हायडन तरले आणि मोठे झाले. पण त्या गायकवृंदाला हवा होता तो त्यांचा कोवळा आवाज, आणि तो संपताच मुलाशी असलेले नाते संपले.

आपल्याकडेही बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगे गायकवृंद सोडतात. स्वरयंत्र वाढत असते, आवाज घोगरा होतो, मध्येच चिरकतो आणि मित्र हसतात. नेमका हाच काळ त्यांना धरून ठेवण्याचा आहे. थोडे सूर असलेला खालचा भाग त्यांना द्यावा, ताल सांभाळायला द्यावा, लहानांना शिकवायला सांगावे, सूर लिहायला-वाचायला शिकवावे. गळा स्थिर होईपर्यंत त्यांना जागा राहिली पाहिजे.

सुरक्षितता

एक कटू गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग कॅथीड्रलचा मुलांचा गायकवृंद हजार वर्षांची परंपरा सांगतो. १९४५ नंतरच्या काही दशकांत तिथल्या किमान ५४७ मुलांना शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसावे लागले, असा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. शिस्तीच्या आणि उत्तम गाण्याच्या नावाखाली मुलांचे रडणे कोणाला ऐकू आले नाही. म्हणून कोणत्याही गायकवृंदात, मग तो चर्चचा असो वा वस्तीतला, सरावाच्या वेळी किमान दोन प्रौढ हजर असावेत, दार उघडे असावे, पालकांना केव्हाही येऊन बसता यावे. शिक्षकाने एखाद्या मुलाशी खासगी मेसेज करू नयेत. आपल्या देशात २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. शंका आली तर दडपू नये. हे नियम विचारणारा पालक संशयी नसतो, जागरूक असतो.

पालकांसाठी थोडे

गायकवृंद निवडताना त्याला किती बक्षिसे मिळाली हे विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचारा : नव्या मुलाची निवड कशी करतात, सूर न लागणाऱ्याचे काय करतात आणि आवाज फुटलेल्या मुलग्यांचे काय करतात. मूल घरी आले की "तुला एकटीला गायला मिळाले का?" असे विचारू नका. "आज काय शिकलीस? गाऊन दाखव," असे म्हणा आणि तिच्याबरोबर दोन ओळी तुम्हीही गा. परीक्षा आल्या म्हणून सराव बंद करू नका. आठवड्यातील त्या एका तासाने गुण कमी होत नाहीत.

मुलाला गायकवृंदात घालताना त्याचा आवाज चांगला आहे का, हे पाहू नये. तो तिथे चांगला होण्यासाठीच त्याला घालायचे असते. आणि ज्याचा आवाज साधाच राहील, त्यालाही दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपला सूर लावण्याची सवय लागेल. घरात, वस्तीत आणि धर्मग्रामात या सवयीची आज फार गरज आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणाला लहानपणी "तू गाऊ नकोस" असे सांगितले गेले होते का? त्याचा परिणाम काय झाला?

२. आजी-आजोबांना येणारे कोणते गाणे आपल्या मुलांना अजून येत नाही? ते कधी शिकणार?

३. मुलांच्या सरावाच्या वेळी हजर राहण्यासाठी आपल्यापैकी कोण महिन्यातून एक तास देऊ शकेल?