कुरडया पहाटेच घाल गं

मघाशी फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. पुण्याहून बदली होऊन आलीस, त्यात घर वरच्या मजल्यावरचं, चार वर्षांचं पोर, सोबत सासूबाई, आणि मोबाइलवर उष्णतेच्या लाटेचा इशारा. घाबरायला होणारच. पण बघ, नागपूरचा मे निघतो गं. मी बावीस काढलेत.

आधी तो इशारा वाचायचा कसा, ते ऐक. हवामान खात्याचे रंग चार. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेव, केशरी म्हणजे तयारीला लाग, आणि लाल दिसला की बाकीची कामं खुंटीला टांग. आपल्यासारख्या सपाट भागात पारा निदान 40 ला हवा आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर, तेव्हा लाट म्हणतात. 45 गाठले तर मग तुलनासुद्धा करत नाहीत. म्हणून 42-43 हा इथला रोजचा मे, आणि तुझ्या पुण्यात तीच पहिल्या पानावरची बातमी. तुझी ठाण्याची बहीण ‘आमच्याकडे 38 च आहे’ म्हणत असेल, तर तिला दटाव. किनाऱ्यावर 37 पासूनच लाटेचा हिशोब सुरू होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण गेले, तेव्हा पारा चाळिशीलाही पोचला नव्हता.

खरं सांगू का, मी दिवसाच्या आकड्याआधी रात्रीचा आकडा बघते. छापून येतं ते सावलीतलं तापमान. तुझा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. रात्र निवली नाही की अंगाला सावरायला सवडच मिळत नाही. त्यामुळे सासूबाईंची खाट खालच्या मजल्यावर कुणाकडे टाकता येत असेल तर संकोच करू नकोस, विचार. इथे लोक हो म्हणतात.

आता कूलर. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून सगळी दारं-खिडक्या गच्च लावल्या आणि कूलर सुरू केला. तासाभरात घराचं इडलीपात्र झालं! कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत घेतो, ती दमट हवा जायला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. आणि पाणी भरताना आधी प्लग काढायचा. आळस करायचा नाही, दरवर्षी शॉक लागल्याच्या बातम्या येतात.

माझी दुसरी फजिती अंगाशीच आली होती. वाळवणाचा उत्साह, कडक ऊन, म्हणून अकरा वाजता गच्चीवर कुरडया घालायला बसले. दोनला डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. ताप समजून तापाची गोळी घेतली आणि वर चादर ओढून झोपले! ऊन लागलं तर ती गोळी कामाची नाही गं. सावलीत आडवं व्हायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करून पंख्याखाली पडायचं आणि घोट घोट पाणी. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर घरगुती उपाय बंद. 108 ला फोन लाव आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा, मान, काख, जांघेत बर्फ ठेव. शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

पन्ह्यासाठी कैऱ्या रविवारीच उकडून गर फ्रीजमध्ये ठेव, मीठ-गूळ आयत्या वेळी. खिशातल्या कांद्याची थट्टा करू नकोस, सासूबाईंना ठेवू दे. पण त्यांना तहान लागायची वाट बघू नकोस. म्हाताऱ्या माणसांना ती लवकर कळत नाही, दर तासाला पेला हातात दे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं मात्र डॉक्टरांना विचार. पोरगं कधी शू करून आलं आणि रंग गडद आहे का, एवढं बघत जा. त्याला गाडीत ‘दोन मिनिटं’सुद्धा एकटं सोडायचं नाही.

एवढं सगळं एका दिवसात होत नाही. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास लागतो, तोवर हात बसेल. आजच्या आज एकच कर. भांड्यांच्या मावशी तुझ्याकडे दीड वाजता चालत येतात ना? त्यांना उद्यापासून सकाळी सातला बोलव. भांडी रात्रभर पडली तर पडू देत.