घाटाखाली बिऱ्हाड न्यायचं तर

नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात झाली हे कळल्यापासून घरात जो तो तुला समुद्राचंच विचारतोय. किनारा किती लांब, मासळी स्वस्त मिळते का, खोलीतून लाटा दिसतील का. तालुका अजून ठरायचा आहे, म्हणून आत्ताच सांगतो. बिऱ्हाड कुठं ठेवायचं ते समुद्र बघून ठरवू नकोस. तुझ्याबरोबर सूनबाई आहेत, दोन लेकरं आहेत, वहिनींचे गुडघे आहेत. आपल्या अकोल्या-संगमनेराकडचे कितीतरी गुरुजी आणि बाई आजवर घाटाखालच्या शाळांवर गेले. कुणी आंतरजिल्हा बदलीची वाट बघत वर्षं काढली, कुणी तिथलेच होऊन गेले. मीही उमेदीची नोकरी तिकडेच केली. आधीच्या गुरुजींनी मला जे कानात सांगितलं होतं, त्यात माझं बघितलेलं घालून तुला देतो.

पाऊस किती पडतो हे विचारत बसू नकोस, पडलेलं पाणी कुठं जातं ते विचार. अकोल्याच्या माणसाला हे कळायला जड नाही. घाटघर-रतनवाडीला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तिथून पूर्वेला आपल्या अकोले गावात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. तरी उन्हाळ्यात प्रवरेचं पाणी मिळतं ते आपल्याला. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं म्हणून. आणि जिथं आभाळ फाटतं त्या डांगाणातल्या बाया वैशाखात हंडे घेऊन झऱ्याला रांग लावतात.

कोकण म्हणजे हेच, फक्त मोठ्या अंगानं. अलिबागेला वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस, रत्नागिरीला 3000 च्या वर, आणि सावंतवाडीच्या माथ्यावर आंबोलीला 7000 च्या घरात. तरी एप्रिल-मे महिन्यात तिथल्या वाड्यांना टँकर लागतात. कारण जमीन जांभ्याची. जांभा पाणी पितो पण धरत नाही. ते खाली मुरतं, कड्याच्या पायथ्याशी झऱ्यानं बाहेर येतं आणि उताराला लागून दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत खाडीला मिळतं. म्हणून वरच्या सड्यावरचं घर दिसायला हवेशीर असलं तरी विहीर बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. विहीर बघायची ती वैशाखाच्या शेवटी. मालकाला विचारू नकोस, शेजारणीला विचार की मे महिन्यात पोहरा किती हात खाली जातो आणि नळाला पाणी किती दिवसांआड येतं. ती खरं सांगते.

किनाऱ्यालगत गुहागरसारख्या गावांत वेगळा प्रकार आहे. समुद्राच्या अगदी जवळ, वाळूतल्या विहिरीला गोडं पाणी लागतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळं खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. नारळी-पोफळीच्या बागा त्यावरच उभ्या आहेत. पण तो थर पातळ असतो. आजूबाजूला मोठ्या मोटारी लागल्या, उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. अशा ठिकाणी घर घेताना पाणी तोंडात घेऊन बघ, आणि उन्हाळ्यात पुन्हा बघ.

आता पुराचं. जुनी माणसं नक्षत्रं मोजायची, आणि मला ते अजून पटतं. 25 आणि 26 जुलै 2005 ला महाड तालुक्यात जुई, दासगावावर डोंगर आला आणि चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. 30 जुलै 2014 ला घाटावरच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गेलं. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं आणि त्याच दिवशी महाडच्या तळियेवर दरड आली. सगळे दिवस पुष्य नक्षत्रातले. मृग-आर्द्रात जमीन पाणी पिऊन घेते, पुनर्वसूत तुडुंब होते, आणि पुष्यात पडलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. म्हणून गाव निवडण्याआधी पुष्यात एकदा तिथं जाऊन राहा. भाड्याची खोली घे, लॉजवर राहा, पण दोन रात्री काढ. बाजारपेठेत फिर आणि दुकानदारांनी माल कुठल्या उंचीच्या फळीवर ठेवलाय ते बघ. राजापुरात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात येतं, खेडात जगबुडीचं येतं. तिथल्या लोकांना पाण्याची उंची पाठ असते. चिपळुणात घर बघितलंस तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर दाखवायला सांग, आणि लाल रेषेच्या आत कितीही चांगला फ्लॅट मिळाला तरी पाय काढता घे.

चिपळूण, खेड, राजापूर ही गावं समुद्रापासून आत असली तरी खाडीशी बांधलेली आहेत. भरतीचं पाणी नदीत चढतं. वर घाटात मोठा पाऊस आणि खाली भरती अशी गाठ पडली की नदीला उतरायला वाटच राहत नाही. 2021 चा पूर आषाढी पौर्णिमेच्या तोंडावरचा होता, म्हणजे उधाणाचे दिवस. तेव्हा तिथं राहायला लागलास की भिंतीवर कॅलेंडर टांग आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठा पाऊस लागला तर भरतीची वेळ विचारून ठेव.

एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस किती, हा आकडा तालुक्याच्या कचेरीत मिळतो. वर्षाच्या सरासरीपेक्षा तो जास्त कामाचा. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. आपल्या अकोले गावाला अख्ख्या वर्षात एवढा मिळत नाही.

डोंगराच्या पोटाशी घर घेऊ नकोस, हे तुला सांगायला नको. तरी लेकरांना शिकवून ठेव. मोठ्या पावसात झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा वाहता ओहोळ एकाएकी थांबला, उतारावरची झाडं किंवा खांब कलले, जमिनीला भेग दिसली, तर सामान न आवरता बाहेर पडायचं. रात्र असली तरी.

उन्हाळ्याबद्दल घाटावरच्या माणसांचा मोठा गैरसमज असतो. अकोल्यात पारा 39-40 वर जातो आणि रत्नागिरीत 33-34 वर राहतो, म्हणून रत्नागिरी थंड असं आपण धरतो. पण आपल्याकडं घाम वाळतो, तिकडं वाळत नाही. आपण रात्री गच्चीवर गारव्यात झोपतो, तिथं रात्रीही अंगाला चिकचिक सुटत नाही. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा आत येतो आणि तोच जीव राखतो. ज्या घरात तो वारा शिरत नाही ते घर चार लाख कमीला मिळालं तरी घेऊ नकोस. पश्चिमेला मोकळी खिडकी आणि समोर पूर्वेला वाट असली पाहिजे, नुसती खिडकी असून उपयोग नाही. बघायला जायचं ते रात्री नऊ वाजता. संध्याकाळी पाचला कुठलंही घर गार लागतं. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा सुटतो, आणि मधल्या वेळात हवा पडलेली असते. तेव्हा खोलीत तासभर बसून बघ.

माघ-फाल्गुनात कधी कधी घाटावरचा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा दुपारपर्यंत अडून राहतो. मग किनाऱ्यावरही पारा 37-38 च्या वर जातो. शिमग्याच्या सुमाराला असे दिवस येतात, लेकरांना दुपारी बाहेर सोडू नका. आणि समुद्रापासून जितकं आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडं जाशील तितकी ही काहिली वाढते. रायगडातल्या भिऱ्याला 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंश नोंदले गेले. कोकण म्हणजे सगळं दमट आणि सौम्य, असं नाही.

माझं मत विचारशील तर मी दापोलीला पहिलं ठेवीन. गाव समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर वर आहे. इंग्रजांची छावणी तिथं होती, म्हणून अजूनही कुणी कुणी तिला कॅम्प दापोली म्हणतं. त्या उंचीमुळं पौष महिन्यात तिथं खरी थंडी पडते, आणि आपल्या हाडांना ती ओळखीची असते. हर्णैचा मासळीबाजार जवळ, पण भरती अंगणात येत नाही. 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळं गावाला शिक्षणाचं वळण आहे आणि हवामानाच्या नोंदीही तिथं नीट ठेवल्या जातात. पाऊस मात्र भयंकर, रत्नागिरीपेक्षा कमी नाहीच. वहिनींच्या गुडघ्यांना आषाढ-श्रावण जड जाईल, हे धरून चाल. त्या दोन महिन्यांत त्यांना अकोल्याला आणून ठेवलंस तरी चालेल. दुसरं गाव रत्नागिरी. दवाखाने, शाळा, रेल्वे सगळं आहे, पण शहर वाढत चाललंय. शीळ धरणाच्या पाण्याची नळजोडणी घराला आहे का ते आधी बघ.

वादळाची गोष्ट मात्र दापोलीलाही चुकली नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा होता. मंडणगड-दापोलीतले पत्रे उडाले, बागाच्या बागा आडव्या झाल्या आणि वीज किती तरी दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. नोव्हेंबर 2009 ला फयान आलं होतं. म्हणजे पावसाळ्याच्या आधी वैशाख-ज्येष्ठात आणि पावसाळा सरल्यावर कार्तिकात, असे दोन वेळा कान टवकारून राहायचं. घर बघताना पत्रा कशावर बांधलाय ते वर चढून बघ. छपरावर वाकलेला माड असेल तर मालकाला आधीच सांग. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद, म्हणून मोटार असली तरी विहिरीवर रहाट आणि दोर ठेवलेलं घर मी जास्त पसंत करतो.

घराची ओल कशी ओळखायची ते सूनबाईंना सांग, त्या तुझ्यापेक्षा नीट बघतील. नव्या रंगावर जाऊ नये. कपाट भिंतीपासून ओढून मागं हात फिरवावा, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गिलावा फुगलाय का बघावं. पश्चिमेच्या भिंतीला तिथली शहाणी माणसं पावसाळ्याआधी नारळाच्या झापांचा आडोसा करतात. तसा आडोसा करायला खुंट्या किंवा आढं असलेलं घर म्हणजे आधीच्या माणसानं विचार केलेला असतो. धाकट्याला दम्याची कुरकुर आहे ना, त्याची खाट त्या भिंतीला कधीच नको, आणि ओले कपडे त्याच्या खोलीत वाळत घालू नका. खिडकीच्या गजांना हात लावून बघ, हाताला गंज आला तर खारं वारं थेट येतंय. फ्रीज, दुचाकी, पंखा सगळं त्या गजांच्याच वाटेनं जाणार, तेवढा खर्च भाड्यात धर.

बाजरी पोत्यानं नेऊ नका. अकोल्यातून ती जाईलच, पण आठवड्यापुरतीच दळा. त्या दमट हवेत बाजरीचं पीठ लवकर कडू पडतं. पापड-कुरडया सादळतात, कडधान्याला कीड लागते. तिथल्या बायका मे महिन्यात आगोटीची बेगमी करतात, म्हणजे तांदूळ, मीठ, चिंच, कोकम, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळं पावसाआधी वाळवून घरात. सूनबाईंनी पहिल्या वर्षी शेजारणीच्या मागं मागं तेवढंच करावं. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, ताजी मासळी तेव्हा शोधत बसू नका.

खाडीकाठची खाजणाची जमीन कुणी स्वस्त देऊ केली तर सातबारा, खारबंधाऱ्याची अवस्था आणि किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा तिन्ही बघितल्याशिवाय इसार देऊ नकोस. खरं तर पहिली तीन वर्षं काहीच विकत घेऊ नकोस, भाड्यानं राहा.

आणि सगळं बिऱ्हाड एकदम हलवू नकोस. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तुला जावं लागेल, तू एकटा जा. पहिला पावसाळा एकट्यानं काढ, दोन-तीन गावं पायाखाली घाल, पुष्यात आणि उधाणात ती कशी दिसतात ते बघ. लेकरांचं वर्ष अकोल्यात पुरं होऊ दे. दिवाळीच्या सुट्टीत सूनबाईंना घेऊन जा आणि निवडलेलं घर दाखव. वैशाखात वहिनींना आठ दिवस तिथं नेऊन ठेव, विहिरीचा तळ आणि रात्रीचा उकाडा त्यांनाही कळू दे. त्यांनी होकार दिला तर पुढच्या मेमध्ये, पाऊस यायच्या आधी, टेंपो भरायचा. सामानात दोन चांगल्या ताडपत्र्या आणि जाड दोरखंड घाल. ते अकोल्याच्या बाजारात घेतलेले बरे, तिथं पाऊस तोंडावर आला की त्यांचे भाव चढतात.