उन्हेऱ्याचे ऊन पाणी

आम्ही रेवदंड्याची माणसे. नारळी-पोफळीची वाडी आणि थोडे भात, यावर आमचे घर चालते. वाडीला सुटी नसते. रोज शिंपण, रोज झाडलोट, रोज गुराढोरांचे. वर्षे गेली, पण घरची सगळी माणसे मिळून कुठे चार दिवस गेलो, असे कधी घडले नव्हते.

यंदा भाताची झोडणी आटोपली. आईचे गुडघे फार दुखत होते. घरातल्या बाईला उठल्यापासून निजेपर्यंत उसंत नव्हती. तेव्हा आम्ही ठरवले, तीन दिवस उन्हेऱ्याला जायचे. वाडी भावाने सांभाळायची. त्याची पाळी आली की आम्ही सांभाळायची.

शेजारी म्हणाले, "कामधंदा सोडून हे काय नवीन?"

आई म्हणाली, "अरे, नांगर सुटला की बैलाला पण सावलीला बांधतात. मग माणसाने काय पाप केले?"

उन्हेरे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. सुधागड तालुक्यात, पालीच्या जवळ. रेवदंड्याहून अलिबाग, तिथून वडखळ, मग नागोठणे. पुढे वाकणला गोव्याचा रस्ता सोडायचा की पाली येते. आपल्याकडे समुद्राचा वारा, तर तिकडे चारी बाजूंना डोंगर. पालीच्या डोक्यावर सरसगड किल्ला उभा आहे.

पहिल्या दिवशी पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन घेतले. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकच. बल्लाळ हे त्या भक्ताचे नाव. देवळात एक मोठी घंटा आहे. सन १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हाची ती घंटा, असे सांगतात. आमच्या रेवदंड्याचा कोटही पोर्तुगिजांचाच. तो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. घंटा पाहून मुलांना आपला कोट आठवला.

मग उन्हेऱ्याला गेलो. तिथे गरम पाण्याची कुंडे बांधलेली आहेत. पाण्यावर वाफ तरंगत होती. धाकटीने विचारले, "बाबा, याच्या खाली चूल कोणी पेटवली?"

प्रश्न चांगला होता. खाली चूल नाही, लाकूड नाही. पृथ्वीचे पोटच गरम आहे. जमिनीत जसजसे खोल जावे, तसतशी उष्णता वाढते. एक किलोमीटर खोल गेले की साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी डोंगरातल्या भेगांतून खाली मुरते. खोलवर जाऊन ते तापते. मग दुसऱ्या भेगेतून वर येते. वाटेत खडकातले क्षार त्यात विरघळतात. अशा पाण्याला पुष्कळदा गंधकाचा वास येतो, तो त्यामुळेच.

कोकणात असे झरे पुष्कळ आहेत. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोली. महाडजवळ सव. दापोलीकडे उन्हवरे. संगमेश्वराकडे तुरळ आणि राजवाडी. राजापूरला उन्हाळे. नावे नीट वाचा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. तिन्ही नावांत 'उन्ह' आहे. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. गावाचे नावच पाण्याची खूण सांगते.

आता घडले ते सांगतो. तिथे बायांची अंघोळीची जागा निराळी आहे. आई पाण्यात उतरली. पाय शेकले, बरे वाटले. सूनबाई म्हणाली, "आई, आता पुरे. बाहेर या." आई म्हणाली, "थांब गं, एवढ्या लांब आलो ते काय पाय भिजवायला?" अर्धा तास झाला. मग आई एकदम उठली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सूनबाईने धरले म्हणून बरे. नाहीतर दगडावर पडली असती.

आम्ही आईला सावलीत आडवे केले. पाय उंच ठेवले. थोड्या वेळाने ती सावध झाली. मग बसवून घोटघोट पाणी पाजले. तशीच तिला डॉक्टरकडे नेली. डॉक्टरांनी विचारले, "आजी, रक्तदाबाची गोळी घेता?" आई म्हणाली, "हो, सकाळीच घेतली." डॉक्टर म्हणाले, "गोळीने रक्तदाब खाली येतो. गरम पाण्यात रक्तवाहिन्या फुगतात, त्यानेही खाली येतो. दोन्ही एकत्र झाले आणि तुम्ही झटकन उठलात. म्हणून चक्कर आली."

आईने विचारले, "मग गोळी सोडू काय? या पाण्याने सगळे बरे होते म्हणतात."

डॉक्टर म्हणाले, "नाही आजी. पाण्याने सांधे सैल होतात, दुखणे थोडा वेळ हलके होते. आजार मुळापासून जात नाही. पाणी घ्या, पण गोळी सोडू नका."

दुसऱ्या दिवशी आई डॉक्टरांना विचारून पुन्हा उतरली. फक्त दहा मिनिटे. हळू उठली, काठाला धरून बाहेर आली. काही त्रास झाला नाही.

परदेशांतही अशी गावे आहेत. चेक देशात कार्लोव्ही व्हारी नावाचे गाव गरम झऱ्यांसाठी नावाजलेले आहे. जपानात तर ऊन पाण्याची कुंडे गावोगाव. पण तिथली रीत अशी, की आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचे, मगच कुंडात उतरायचे. साबण कुंडात न्यायचा नाही. पाणी सगळ्यांचे असते, म्हणून ही रीत आपणही उचलावी.

तीन दिवस आम्ही आणखी काय केले? काही नाही. सकाळी चहा पुरुषांनी केला. सूनबाईच्या हातात कप दिला, तर ती कपाकडे बघतच राहिली. म्हणाली, "आयता चहा लग्नानंतर आजच मिळाला." आम्हाला लाज वाटली. मुलांनी डोंगर पाहिले. आईने जुन्या गोष्टी सांगितल्या. निघताना पालीचे पोह्याचे पापड घेतले.

घरी आलो. आईचे गुडघे अजून दुखतात, पण ती गोळी वेळेवर घेते. आणि सकाळचा चहा आता आम्ही करतो. उन्हेऱ्याहून आणलेले तेवढे सामान अजून संपलेले नाही.

ध्यानात ठेवा
१. ऊन पाण्यात दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसू नये. एकट्याने उतरू नये.
२. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.
३. अंगावर जखम किंवा त्वचेचा रोग असेल, तर सगळ्यांच्या कुंडात उतरू नये.
४. कुंडाचे पाणी पिऊ नये.
५. डॉक्टरांचे औषध मनाने बंद करू नये.

सांगा पाहू
१. झऱ्याचे पाणी गरम कसे होते?
२. आईला चक्कर का आली?
३. तुमच्या घरात कोणाला विश्रांती मिळत नाही? तिच्यासाठी तुम्ही काय कराल?