गाडीतील फेरबदल आणि धुराची तपासणी : सभासदांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी
— ऊस विकास अधिकारी



ऊस विकास विभागाने लागण, खत, पाणी यांवर लिहावे. गाडीच्या धुरावर लिहिण्याचे त्याला काय कारण, असे कोणी म्हणेल. कारण असे की, गेल्या दोन हंगामांत गट ऑफिसला खताच्या चौकशीला येणारी माणसे जाता जाता पी.यू.सी.चा विषय काढतात. आज घरटी मोटारसायकल आहे, अनेकांच्या दारात जीप किंवा पिकअप आहे. त्यांतल्या बऱ्याच गाड्या कंपनीतून आल्या तशा राहिलेल्या नाहीत. कुणी सायलेन्सर बदललाय, कुणी पंपाचे डिझेल वाढवून घेतलेय, तर कुणी इंजिनच दुसरे बसवलेय. अशा मालकांना पी.यू.सी. म्हणजे दंड टाळण्याचा कागद वाटतो. तो त्याहून अधिक काही आहे, हे समजावे म्हणून हा लेख. (ट्रॅक्टरच्या धुराचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.)

१. धूर काळा का होतो?

आपल्या बॉयलरचे उदाहरण घ्या. भट्टीत बगॅस जास्त आणि हवा कमी झाली, की चिमणीतून काळा लोट निघतो. तो काळा रंग म्हणजे न जळालेले जळण. डिझेल इंजिनाचेही तसेच. हवा आहे तेवढीच राहिली आणि डिझेल वाढवले, तर जादा डिझेल पुरते जळत नाही, काजळी होऊन बाहेर पडते. एअर फिल्टर धुळीने भरला, नोझल डिझेल नीट फवारीना झाला, तरी हाच परिणाम. म्हणजे सायलेन्सरमधून काळा धूर जातोय म्हणजे आपल्याच खिशातला पैसा जातोय.

पेट्रोल गाडीचा धूर सहसा डोळ्यांना दिसत नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंगही नाही, वासही नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे प्राणावर बेतते, ते याच वायूमुळे.

२. तपासणी कशी होते?

ऊस उंच दिसतो म्हणून आपण तोड देत नाही, ब्रिक्स मीटरने बघतो. तसेच येथेही नजरेवर काम नाही. पेट्रोल गाडी जागेवर चालू ठेवून नळीतून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात आणि धुरातून उजेड किती अडतो हे यंत्र मोजते.

मर्यादा गाडी कोणत्या मानकाची म्हणून नोंदली आहे त्यावर ठरते. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५ चा आकडा (म्हणजे ६५ हार्ट्रिज), बीएस-४ ला १.६२ (५० हार्ट्रिज), आणि बीएस-६ ला त्याहून कडक. बीएस-४ पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्के.

नव्या गाडीला नोंदणीपासून एक वर्षानंतर पी.यू.सी. लागते. पुढे बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना दर वर्षी, जुन्यांना दर ६ महिन्यांनी.

३. फेरबदलाने काय बिघडते?

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत एक जाळी असते, तिला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा थर असतो व विषारी वायू तेथे निरुपद्रवी होतात. 'जाळी चोक झालीय, काढून टाका, गाडी पळंल' असा सल्ला फिटर देतो. गाडी पळते की नाही तो भाग वेगळा, पण मीटरवर आकडा चढतो. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो काढला की मूळ मर्यादा पाळणे अवघड.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळेच बदल या तपासणीत सापडत नाहीत. नायट्रोजनचे ऑक्साईड येथे मोजत नाहीत. त्यामुळे ते कमी करणारा ई.जी.आर. बंद केलेली गाडी पासही होईल. पण पी.यू.सी. मिळाली म्हणून बदल कायदेशीर होत नाही. आणि बदल मंजूर करून घेतला म्हणून पी.यू.सी. माफ होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, गल्लत करू नये.

४. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हेच स्पष्ट केले. मंजूर कीटने सी.एन.जी. बसवणे, परवानगीने इंजिन बदलणे यांना वाट आहे. पण परवानगी घ्यावी लागते आणि पुस्तकात नोंद करावी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाबद्दल मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. धुराची मर्यादा मोडल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिने बाद. ही कायद्यातील कमाल शिक्षा झाली. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते.

५. दोन अनुभव

पहिला माझाच. बेण्याची ट्रॉली ओढताना जुनी जीप चढाला दम टाकायची. फिटरच्या सांगण्यावरून पंपाचे डिझेल वाढवून घेतले. चार दिवस बरे वाटले. पुढे पी.यू.सी.ला आकडा आला ३.४. लोकांना माती तपासून खत टाका म्हणून सांगणारा मी, स्वतः मात्र न तपासता डिझेल ओतत होतो. एअर फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले, पंप मूळ मापावर आणला. आकडा १.७ वर आला. चढाला जीप अजून दमते, हे खरे. म्हणून आता ट्रॉली कमी भरतो.

दुसरा अनुभव एका सभासदांचा. जुन्या पेट्रोल जीपला त्यांनी डिझेल इंजिन बसवले, पुस्तकात मात्र पेट्रोलच राहिले. सात-आठ वर्षे कुणी विचारले नाही. मुलीच्या लग्नासाठी जीप विकायला काढली, गिऱ्हाईक ठरले, विसार घेतला. नावावर करताना इंजिन नंबर जुळेना. व्यवहार मोडला, विसार परत द्यावा लागला, आणि लग्नाच्या तोंडावर सोसायटीकडे हात पसरावा लागला. बदल केला त्याच वर्षी परवानगी मागितली असती, तर मिळते की नाही हे तेव्हाच कळले असते. आज ती जीप गोठ्याशेजारी उभी आहे.

६. सभासदांनी काय करावे?

(१) जुनी गाडी घेताना इंजिन नंबर, चासिस नंबर आणि इंधन पुस्तकाशी ताडून पाहावे. विसार त्यानंतर द्यावा.
(२) तपासणीआधी एअर फिल्टर व ऑइल पाहावे आणि इंजिन चांगले गरम करून न्यावे.
(३) 'गाडी आणू नका, कागद आणून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. केंद्रावर गाडीचा नंबर प्लेटसह फोटो घेऊन ऑनलाइन नोंद होते.
(४) गाडी नापास झाल्यास कारण लिहिलेली नकाराची पावती मागून घ्यावी. २०२१ पासून तशी तरतूद आहे. ती पावती दाखवूनच दुरुस्ती करावी, अंदाजाने नव्हे.
(५) काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात घालू नये. परत बसवायला तोच लागतो.
(६) मंजूर बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो.

चिमणीच्या काजळीबद्दल आपण वार्षिक सभेत कारखान्याला जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. तोच जाब आपल्या दारातल्या गाडीलाही एकदा विचारावा. शाळेला जाणारी पोरे त्याच रस्त्याच्या कडेने चालतात.

अडचण असल्यास नोंदणी पुस्तक व शेवटची पी.यू.सी. घेऊन गट ऑफिसला यावे. मी आर.टी.ओ. नाही, पण कागद वाचून पुढची वाट सांगू शकेन.